नलिकेतला खडा आणि अम्मांचा होकार

पत्राचा सारांश: सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका ताईंचं हे पत्र आहे. त्या युनिफॉर्म शिवण्याच्या कारखान्यात काम करतात. त्यांची आई, म्हणजे घरातली अम्मा, 63 वर्षांची. तिनं आयुष्यभर विड्या वळल्या. आठ दिवसांपूर्वी उजव्या बरगडीखाली जोराची कळ आली, उलट्या झाल्या, मग डोळे पिवळे झाले. लघवी गडद होते आणि अंगाला खाज सुटली आहे, पण ताप नाही. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. पित्तनलिका 11 मिलिमीटरपर्यंत फुगली आहे आणि तिच्यातही एक खडा आहे. बिलिरुबिन, म्हणजे काविळीची पातळी दाखवणारा रक्तातला आकडा, 6 च्या वर आहे. डॉक्टरांनी आधी ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोहोचण्याची प्रक्रिया) आणि मग पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया सांगितली. संमतिपत्रावर स्वादुपिंडाची सूज, रक्तस्राव, आतड्याला छिद्र, मृत्यू असे शब्द वाचून ताईंचे हातपाय गळाले. ओळखीतले एक गृहस्थ याच प्रक्रियेनंतर आयसीयूत होते. पुण्यातले अण्णा ‘इकडेच आणा’ म्हणतात, मावशी काविळीच्या गावठी औषधाचा आग्रह धरते. अम्माला चार वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि शुगरची गोळी सुरू आहे. ताई विचारतात, ‘साधी दुर्बिणीची तपासणी, तिच्यासाठी एवढा धोका कशाला? आणि खडा निघाल्यावर पित्ताशय तरी का काढायचं? अम्माला अजून काहीच सांगितलेलं नाही. डॉक्टरांसमोर ती गप्प बसते, आणि घरी एवढंच म्हणते की मला फाडू नका.’

ताई,

सर्वांत आधी तातडीचं. अम्मांना थंडी वाजून ताप आला, त्या असंबद्ध बोलू लागल्या, किंवा लघवी कमी होऊन अंग गार पडलं, तर पुणे की सोलापूर हा वाद तिथेच सोडा आणि सर्वांत जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. काविळीसोबत पोटदुखी आणि थंडीताप म्हणजे अडलेल्या पित्तात जंतू वाढले असा अर्थ निघतो. तो जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. अशा वेळी नुसती अँटिबायोटिक पुरत नाहीत, अडलेलं पित्त वाहतं करावं लागतं, बहुतेकदा पहिल्या एक-दोन दिवसांतच. आज ताप नाही, म्हणून विचार करायला तुमच्याकडे थोडे दिवस आहेत. थोडे दिवस म्हणजे महिना नव्हे.

आता तुमच्या प्रश्नातला पहिला शब्द, ‘तपासणी’. तुमची बरीचशी घालमेल त्या शब्दातून आली आहे असं मला वाटतं. अम्मांना सांगितलेली ईआरसीपी ही तपासणी नाही, तो उपचार आहे. 1968 साली अमेरिकेत ती पहिल्यांदा झाली तेव्हा तिचा उपयोग पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नलिकांचं चित्र काढण्यापुरता होता. 1974 मध्ये जर्मनीत आणि जपानमध्ये डॉक्टरांनी त्याच दुर्बिणीतून नलिकेचं तोंड किंचित कापून खडे बाहेर काढून दाखवले, आणि प्रक्रियेचं रूपच बदललं. आज नुसतं चित्र हवं असेल तर एमआरसीपी नावाचा एमआरआय आहे, किंवा दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचं यंत्र असलेली एंडोस्कोपिक सोनोग्राफी आहे. दोन्हींत नलिकेत काही घालावं लागत नाही. त्यामुळे हल्ली कुणी ‘आत काय आहे ते नुसतं बघू’ म्हणून ईआरसीपी सांगितली, तर आधी एमआरसीपी का नको, हे विचारायलाच हवं. या सदराच्या इतर वाचकांनीही हा प्रश्न लक्षात ठेवावा.

अम्मांचं तसं नाही. खडा सोनोग्राफीत दिसलेला आहे, नलिका फुगलेली आहे, कावीळ चढलेली आहे. आत काय आहे याबद्दल फारशी शंका उरलेली नाही, प्रश्न ते बाहेर काढण्याचा आहे. म्हणून ‘ईआरसीपी धोक्याची आहे का’ असं विचारण्याऐवजी ‘ती कशासाठी करायची आहे, आणि नाही केली तर काय होईल’ असं विचारा. नलिकेत खडा राहू दिला तर जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि तोच खडा खाली सरकून स्वादुपिंडाच्या वाटेत अडकला तर ज्या स्वादुपिंडाच्या सुजेला तुम्ही घाबरता, ती काहीही न करता घरी बसल्या येऊ शकते. धोका दोन्ही बाजूंना आहे. संमतिपत्रावर मात्र एकाच बाजूचा छापलेला असतो.

मी अनेक वर्षं एंडोस्कोपी विभागात परिचारिका होते, म्हणून आत काय घडतं ते सांगते. रुग्णाला पालथं किंवा डाव्या कुशीवर झोपवतात. शिरेतून गुंगीचं औषध देतात, बहुतेक ठिकाणी भूलतज्ज्ञ हजर असतात. दुर्बीण तोंडातून घशावाटे, जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जाते. तिचा डोळा टोकाला नसून बाजूला असतो, कारण पित्तनलिकेचं तोंड आतड्याच्या भिंतीवर असतं. त्या तोंडातून बारीक तार आत सरकवतात, नळीतून रंगद्रव्य सोडतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर नलिका बघतात. मग विजेच्या तारेनं तोंड काही मिलिमीटर रुंद करून फुगा किंवा बारीक जाळी वापरून खडा आतड्यात ओढतात. तो पुढे शौचावाटे निघून जातो. साधारण अर्धा ते एक तास लागतो, अवघड असेल तर जास्त. पोटावर बाहेरून एकही टाका पडत नाही. अम्मांच्या ‘मला फाडू नका’ला हे उत्तर आहे, आणि ते त्यांना कळायला हवं.

आता धोक्याबद्दल, काहीही न लपवता. सर्वांत जास्त आढळणारा त्रास स्वादुपिंडाच्या सुजेचा. 100 रुग्णांत साधारण 3 ते 10 जणांना ती होते. बहुतेकांना चार-दोन दिवस सलाईनवर आणि उपाशी राहावं लागतं आणि ते बरे होतात, थोड्यांची तब्येत मात्र फार बिघडते. तुमच्या ओळखीतले गृहस्थ त्या थोड्यांतले असतील. कापलेल्या जागेतून दखल घेण्याइतका रक्तस्राव शंभरात एखाद-दुसऱ्याला होतो आणि तो बहुधा दुर्बिणीतूनच थांबवता येतो. आतड्याला छिद्र पडणं शंभरात एकाहूनही कमी, पण पडलं तर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. मृत्यूचं प्रमाण हजारात मोजक्यांचं, आणि त्यांतले बरेच आधीपासूनच खूप आजारी असलेले. हे आकडे सर्व रुग्णांचे मिळून आहेत. अम्मांचा धोका त्यांच्या वयावर, हृदयावर आणि नलिकेच्या स्थितीवर ठरेल, आणि तो त्यांच्याच डॉक्टरांनी सांगायचा.

एक गोष्ट मात्र अम्मांच्या बाजूची आहे. स्वादुपिंडाची सूज जास्त होते ती तरुण बायकांत, ज्यांचं बिलिरुबिन आणि नलिका नॉर्मल असून नुसत्या पोटदुखीसाठी दुर्बीण घातली जाते त्यांच्यात, आणि आधी एकदा असा त्रास झालेल्यांत. म्हणजे या प्रक्रियेची गरज ज्यांना सर्वांत कमी, त्यांनाच ती सर्वांत जास्त त्रास देते. फुगलेली नलिका, समोर दिसणारा खडा आणि चढलेली कावीळ असलेल्या 63 वर्षांच्या बाईंचं गणित त्यापेक्षा बरं असतं.

सूज टाळण्याचे उपायही आहेत आणि त्यांबद्दल बिनधास्त विचारा. प्रक्रियेच्या आगेमागे गुदद्वारातून डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिनची गोळी ठेवतात, त्यानं सुजेचं प्रमाण कमी होतं. किडनीचा त्रास किंवा अशा औषधांची ॲलर्जी असेल तर ती देत नाहीत, म्हणून ते आधी सांगायचं. भरपूर रिंगर लॅक्टेट सलाईन हा दुसरा उपाय, पण अम्मांच्या हृदयाकडे पाहून किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. नलिकेत शिरणं अवघड गेलं तर स्वादुपिंडाच्या नलिकेत तात्पुरता बारीक स्टेंट, म्हणजे छोटी नळी, ठेवतात. ‘सूज येऊ नये म्हणून तुम्ही काय काय करता?’ या प्रश्नाला चांगला डॉक्टर शांतपणे उत्तर देतो. चिडला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. तो तुमचा हक्क आहे, त्यात अपमान कुणाचाच नाही.

अम्मांच्या बाबतीत मला खरी काळजी आहे ती रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची. त्या गोळ्या तुमच्या मनानं बंद करू नका, आणि सुरू आहेत हे सांगायलाही विसरू नका. ॲस्पिरिन बहुतेकदा चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेलसारखी गोळी, नलिकेचं तोंड कापायचं असेल तर, साधारण 5 ते 7 दिवस आधी थांबवतात, पण हृदयाच्या डॉक्टरांच्या लेखी सल्ल्यानंच. तेवढा वेळ नसेल तर कापण्याचं पुढे ढकलून नुसता स्टेंट घालून पित्त वाहतं करायचं आणि खडा नंतर काढायचा, असाही मार्ग आहे. दोन डॉक्टरांचं एकमेकांशी फोनवर बोलणं व्हायलाच हवं, आणि ते घडवून आणायचं काम घरच्यांनाच करावं लागतं. काविळीत जीवनसत्त्व के नीट शोषलं जात नाही, त्यामुळे रक्त गोठायला वेळ लागतो. म्हणून आधी रक्ताची तपासणी होईल आणि कदाचित इंजेक्शनं दिली जातील. शुगरच्या गोळीचं उपाशीपोटी काय करायचं तेही लिहून घ्या. बाकी तयारी सोपी: जेवण किमान सहा ते आठ तास बंद, कवळी काढलेली, हलणारा दात असेल तर सांगितलेला, आणि नाकातली चमकी आदल्या दिवशीच सोनाराकडून सैल करून घेतलेली.

मावशींच्या औषधाबद्दल बोलताना त्यांचा राग करू नका, त्यांचा जीव बहिणीसाठी तुटतोय. पण कावीळ अनेक कारणांनी होते. विषाणूमुळे झालेली कावीळ बऱ्याचदा विश्रांतीनं आपोआप उतरते, आणि श्रेय नाकात घातलेल्या थेंबांना किंवा गळ्यातल्या माळेला मिळतं. अम्मांची कावीळ अडथळ्याची आहे. गडद लघवी आणि अंगाची खाज त्याच खुणा आहेत, शौचही पांढुरकं होत असेल तर ती तिसरी. कुठलाही पाला खडा विरघळवत नाही, आणि काही काढे यकृताला आणखी इजा करतात. अधूनमधून छोटा खडा स्वतःहून आतड्यात सरकतो आणि कावीळ उतरू लागते, हे मात्र खरं. म्हणून प्रक्रियेआधी बिलिरुबिन पुन्हा तपासून घ्या. आकडा झपाट्यानं उतरत असेल आणि दुखणं थांबलं असेल, तर ‘खडा अजून आहे का, आधी एमआरसीपीनं पाहूया का?’ असं विचारा. खडा निघून गेला असेल तर अम्मांची ईआरसीपी टळेल.

पुणे की सोलापूर? अण्णांना सोलापूर लहान वाटत असेल, पण धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडचे रुग्ण उपचारासाठी सोलापुरातच येतात. शहर पाहू नका, हात आणि सोय पहा. हे डॉक्टर ही प्रक्रिया नियमित करतात का, आठवड्याला किती? भूलतज्ज्ञ असतील का? काही बिघडलं तर त्याच इमारतीत आयसीयू आणि सर्जन आहेत का? दुर्बिणीची सफाई कशी करता, हेही विचारा, कारण या दुर्बिणीचं टोक साफ करायला अवघड असतं आणि त्यातून जंतुसंसर्ग पसरल्याच्या घटना परदेशातल्या नामांकित रुग्णालयांतही घडल्या आहेत. उत्तरं समाधानकारक असली तर घराजवळच करा, कारण त्यानंतरच्या खेपा बऱ्याच असतात. नसली तर पुणे अडीचशे किलोमीटरवर आहे, हैदराबाद तीनशेच्या आसपास, आणि ताप नसलेल्या रुग्णाला तेवढा प्रवास झेपतो. अण्णांना म्हणावं, आग्रह धरा, पण आधी हेच प्रश्न पुण्याच्या डॉक्टरांनाही विचारून ठेवा.

खर्चाचं एकदाच आणि एकत्र विचारा: प्रक्रिया, स्टेंट लागला तर तो, तो काढण्याची दुसरी खेप, आणि पित्ताशयाची शस्त्रक्रिया. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं, ते दाखल होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून समजून घ्या. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

पित्ताशय का काढायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. नलिकेतला खडा तिथे तयार झालेला नाही, तो पित्ताशयातून खाली आलेला आहे. ईआरसीपीनं नलिका मोकळी होते, खड्यांचा कारखाना तसाच राहतो. पुढचा खडा कधी सरकेल ते कुणी सांगू शकत नाही, म्हणून तब्येत साथ देत असेल तर त्याच मुक्कामात किंवा साधारण दोन आठवड्यांच्या आत पित्ताशय काढलेलं बरं. ‘आता बरं वाटतंय, दिवाळीनंतर बघू’ म्हणणारे किती तरी जण पुन्हा पिवळे होऊन आलेले मी पाहिलेत. काही सर्जन एकाच शस्त्रक्रियेत पित्ताशय काढून नलिकाही मोकळी करतात. तसा अनुभव असलेले सर्जन असतील तर तोही पर्याय विचारात घेता येतो.

आणि स्टेंट. ताई, हा परिच्छेद कापून कपाटाला चिकटवा. खडा मोठा असला, एका बैठकीत निघाला नाही, किंवा जंतुसंसर्ग असला, तर नलिकेत प्लास्टिकची बारीक नळी ठेवतात. खडा पहिल्याच वेळी निघाला नाही म्हणजे डॉक्टर हरले असं नव्हे, मोठ्या खड्यांना कधी कधी दोन-तीन बैठका लागतात. पण ती प्लास्टिकची नळी कायमची नसते. साधारण तीन महिन्यांत ती काढावी किंवा बदलावी लागते. बरं वाटू लागलं की लोक तिला विसरतात. मग ती तुंबते, तिच्याभोवती नवे खडे धरतात, आणि एके रात्री रुग्ण थंडीतापानं कुडकुडत येतो. हे दुखणं संपूर्णपणे टाळता येण्यासारखं आहे. म्हणून घरी निघताना विचारा: स्टेंट घातला का? कुठे, पित्ताच्या नलिकेत की स्वादुपिंडाच्या? प्लास्टिकचा की धातूचा? कोणत्या तारखेला काढायचा? ती तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या, कालनिर्णयवर गोल करा, अण्णांच्या मोबाइलमध्येही टाका. स्वादुपिंडाच्या नलिकेतला छोटा स्टेंट बहुतेकदा आपोआप पडून जातो, पण तो पडला का हे थोड्या दिवसांनी एक्स-रे काढून पाहायचं असतं.

प्रक्रियेनंतर घसा खवखवणं, पोटात वारा धरणं स्वाभाविक आहे. पोटाच्या वरच्या भागात वाढत जाणारी, पाठीत जाणारी कळ, थांबत नसलेली उलटी, थंडीताप, काळं शौच किंवा रक्ताची उलटी, पुन्हा पिवळे होणारे डोळे, यातलं काहीही दिसलं तर वेदनाशामक गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. स्वादुपिंडाची सूज बहुतेकदा पहिल्या चोवीस तासांत समजते. म्हणून अम्मांना ती रात्र रुग्णालयातच ठेवायला सांगा. आणि रात्री-अपरात्री कुठल्याही रुग्णालयात गेलात तरी दारातच सांगा, ‘हिची ईआरसीपी झाली आहे’. या एका वाक्यानं तिथल्या डॉक्टरांचा बराच वेळ वाचतो.

शेवटी तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलेलं, माझ्या मते सर्वांत मोठं. अम्मांना अजून कुणी काही सांगितलेलं नाही. पोट त्यांचं, जीव त्यांचा, आणि बोलणी तुम्ही, अण्णा आणि मावशी करता आहात. त्या डॉक्टरांसमोर गप्प बसतात ते भीतीमुळेच असेल असं धरून चालू नका. घरात तेलुगू बोलणाऱ्या बाईंना भराभर मराठी आणि त्यात इंग्रजी शब्द ऐकले की विचारायचं ते विचारता येत नाही. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन मगच संमती घेणं, ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या परिचारिका सापडायला कठीण नाहीत. डॉक्टरांना आधी सांगा, ‘अम्मांना तेलुगूतून समजावायचं आहे, दहा मिनिटं द्या’, आणि त्या वेळी तुम्ही मधे उत्तरं देऊ नका. त्यांना काय विचारायचंय ते त्यांनाच विचारू द्या. त्या ‘नको’ म्हणाल्या तर का नको ते ऐका. बहुधा फाडण्याची भीती असेल, खर्चाची असेल, किंवा गुंगीतून जाग येणार नाही याची. या तिन्हींबद्दल त्यांच्याशी नीट बोलता येतं. सगळं समजून घेऊनही त्यांना दोन दिवस हवे असतील आणि ताप नसेल, तर ते त्यांना द्या. अंगठा किंवा सही त्यांची हवी, तुमची नव्हे.

उद्या जाताना सोनोग्राफीचा रिपोर्ट, रक्ताचे सगळे कागद, हृदयाच्या स्टेंटचं कार्ड आणि गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला. प्रश्न कागदावर लिहा, निम्मे तेलुगूतून, अम्मांच्या तोंडून आलेले.